तकिया म्हणजे उशी नव्हे

सौदीतल्या राबिघ बंदरासमोरच्या एका बेटावर आज तीन जुन्या इमारती उभ्या आहेत. मशीद, दवाखान्याच्या दोन खोल्या आणि पाण्याचं टाकं. ओळखीचे लोक त्यांचे फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, 'तुमच्यामुळे वाचल्या.' या वाक्याचा मला वीट आला आहे. इमारती चार होत्या. चौथी माझ्यामुळे गेली. हे मी निदान दहा जणांना सांगितलं असेल. प्रत्येक जण म्हणतो, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. म्हणून लिहूनच टाकतो.

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. मी एका ठेकेदार कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. बेटावर धक्का बांधायचा होता. जिथे माणसं राहिली, नमाज पढली, औषध घेतलं किंवा पाणी भरलं त्या इमारती ठेवायच्या, गोदामं आणि शेड पाडायच्या, असा नियम. कोणती इमारत कशाची, ते विचारून नकाशावर लिहायचं काम माझं.

चौथी इमारत लांबलचक, प्रवाळाच्या दगडाची. बेटावरच्या म्हाताऱ्या अरब राखणदाराला मोडकंतोडकं हिंदी येई. ही कशाची, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "तकिया." आणि तळहात गालाखाली धरून त्याने डोळे मिटून दाखवले. झालं. मी नकाशावर लिहिलं, अंथरुणांचं गोदाम. इंजिनिअरने न वाचता सही केली. त्याला तरी काय बोलायचं? मी स्वतः आत डोकावलो नव्हतो. ऊन फार होतं.

पंधरा दिवसांनी टाक्याची डागडुजी करायला आमचे गवंडीचाचा बेटावर जाऊन आले. चाचा रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. चौथ्या इमारतीला मी काय नाव दिलंय ते ऐकून आधी हसले.

"काय हो साहेब, तकियाची उशी केलीत? आत भिंतीला ओळीने चुली आहेत. उशा शिजवायचे काय तिथे?"

मग त्यांनी सांगितलं. इथल्या बोलीत तकिया म्हणजे निराधारांचं घर. जहाजांच्या काळात हजला आलेले जे म्हातारे, आजारी लोक मागे राहत, त्यांना कुणा भल्या माणसाने तिथे आसरा दिला होता, दोन वेळचं जेवण दिलं होतं. चाचांच्या आजोबांची बहीण हजला आली, तापाने पडली आणि जहाज तिला सोडून निघालं. पुढे परतलेल्या एका हाजीकडून घरी एवढंच कळलं, की ती राबिघजवळच्या बेटावर तकियात आहे. कबर कुठे, कुणाला ठाऊक नाही.

"तिची म्हणून दाखवायला ही एवढीच जागा," चाचा म्हणाले. "कागद बदला, साहेब."

मी हो म्हटलं. पण कागद बदलायचा म्हणजे बेटावर जायची नवी परवानगी, पुन्हा फेरी, पुन्हा तीन सह्या, आणि माझ्या पासपोर्टवर रजेचा शिक्का बसलेला. मुलीचं लग्न वगैरे असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. तसलं काही नव्हतं. मला आंब्यांच्या दिवसांत घरी जायचं होतं. आल्यावर करतो, म्हणालो.

आलो तेव्हा जागा सपाट होती. दगड धक्क्याच्या भरावात गेले होते. चाचा भांडले असते तर मला झेपलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आंबे कसे होते यंदा?"

नोकरी संपायच्या आधी मी जुन्या इमारतींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी कचेरीला दुरुस्तीचं पत्र दिलं. सहा महिन्यांनी उत्तर आलं. चौथी इमारत गोदाम असल्याचा कागद आहे, निराधारांचं घर असल्याचा नाही. तो कागद सोबत जोडला होता. माझाच नकाशा! मी पुन्हा लिहिलं, की हा मीच काढलाय आणि मीच चुकलोय. पुन्हा तेच उत्तर, तोच नकाशा.

तर आता इथे लिहितो. ते गोदाम नव्हतं. तिथे माणसं राहत होती, आणि चाचांच्या आजोबांची बहीण त्यांच्यातली एक होती.