दुसऱ्यांदा भाजलेला राब

कंपनीतली पर्मनंट नोकरी सोडून शेती करणार, असं मी सांगितलं तेव्हा मुरबाडपासून शेणव्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना एकदम माझी काळजी वाटू लागली. बारा वर्षं मी उभ्याने खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, पाय सुजले, तेव्हा यातल्या एकानेही विचारलं नव्हतं. काका म्हणाले, "सुखाचा जीव दुखात कशाला घालतेस गो? बाईमाणसाचं काम नाय ते. जमीन मी कसतो, अर्धं भात तुमच्या घरी टाकतो." वडील गेल्यापासून त्यांची नजर आमच्या खाचरांवर होती, ते काय मला दिसत नव्हतं?

पण खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली होती. घरात मी आणि आई, कमावणारी मी एकटी. साहेबांनी राजीनामा खणात ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी फोन करतो. मन बदललं तर सोमवारी या."

त्या गुरुवारी मी राब भाजायला घेतला. भाताचं बी पेरायच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत आणि वर थोडी माती असे थर लावून पेटवायचं, म्हणजे जमीन भाजते आणि तण मरतं. आई आणि मी महिनाभर डोक्यावरून ओझी आणली होती. आमच्याकडे ओझी बायांनी वाहायची आणि काडी पुरुषाने लावायची. काडी मी लावली, आणि चुकीच्या बाजूने लावली. आग वाऱ्याविरुद्ध सरकली पाहिजे, म्हणजे ती सावकाश, खोल जाते. मी वारा पाठीशी घेऊन पेटवलं. भर्रकन जाळ या टोकाचा त्या टोकाला गेला. वरचं गवत जळालं, खालचं शेण जसंच्या तसं राहिलं.

काका बांधावर उभे राहून हसले. "झाला राब? आता सोमवारी जा नि साहेबाच्या पाया पड."

तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि त्यांच्यासमोर मेले तरी रडणार नव्हते. शुक्रवारी दिवसभर रानातून सुका पाला आणला. गुरांसाठी रचलेला पेंढाही अर्धा ओढून काढला. आई कुरकुरली, पण दुसरं टोक तिनेच धरलं.

शनिवारी आईने मूठभर राख उडवून वारा पाहिला. मी काडी लावली. आग बोटबोट सरकायला लागली आणि बांधावरच्या पिशवीत फोन वाजला.

"साहेबाचा असंल. उचल ना गो," आई म्हणाली.

"हात शेणाचे हायेत."

माझे हात कोरडे होते, हे तिलाही दिसत होतं. फोन थांबला, पुन्हा वाजला. मी आगीकडेच बघत राहिले.

रविवारी काकांनी राखेत काठी खुपसून पाहिली. खालपर्यंत भाजलं होतं. ते काठीची राख झटकत निघून गेले, आणि मला त्याचा भारी आनंद झाला.

सोमवारी कंपनीची बस नेहमीच्या वेळी फाट्यावर थांबली. मला शेतात पाहून ड्रायव्हरने हॉर्न दिला. एक पाऊल फाट्याकडे पडलंही, खोटं कशाला बोलू? मग मी राखेने काळा झालेला हात वर केला आणि त्याला पुढे जायला सांगितलं.