विम्याची परीक्षा आणि आम्ही तिघं

चार विमा एजंट चहाला बसले की किस्से निघतातच. आमचे तर एजंट होण्याआधीचेच इतके साठलेत की बायको म्हणते, "विमे किती काढलेत देव जाणे, गोष्टी मात्र ढीगभर!" म्हणू दे. तिला कुठे परीक्षा द्यावी लागली होती?

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हा आम्हाला वर्षभरापुरती कच्ची एजन्सी मिळाली होती. परीक्षा पास झालात तर पक्कं लायसन, नाहीतर रामराम! आम्ही तिघं होतो. पोलादपूरच्या कापडदुकानात कामाला असलेला मी, बिरवाडीच्या निर्मलाताई आणि उमरठकडचा सखाराम. मला दुकान होतं, ताईंचा नवरा कारखान्यात होता. सखारामला दुसरं काहीच नव्हतं. आई आंधळी झाली म्हणून मुंबईची नोकरी सोडून आला होता, आणि परीक्षेत दोनदा नापास झाला होता. ही शेवटची संधी.

"ह्या टायमाला गेलो तं परत मुंबई रे. आयेला कोन बगनार?" असं तो रोज विचारायचा. काळजी मलाही होती, पण वरून मी त्याच्यावर खेकसायचो.

*

परीक्षेच्या फॉर्मात 'सोयीची तारीख' असा एक रकाना होता. झालं! कॅलेंडर मांडून बसलो तिघं. सखारामला भाताच्या लावणीत नको. ताईंना नणंदेच्या बाळंतपणात नको. मला लग्नसराईत नको, मालक सुट्टी देत नसे. ताईंनी फुल्या मारत मारत अख्खं वर्ष संपवलं! उरला एक मंगळवार.

"त्या दिशी अवस हाय," सखाराम म्हणाला.

"अरे, परीक्षा द्यायची आहे, भुतं नाही उतरवायची!" मी ओरडलो.

पण खरं सांगतो, अमावास्या म्हटल्यावर माझाही धीर झाला नाही. शेवटी काही फुल्या खोडल्या आणि दिवाळीनंतरच्या तीन तारखा लिहून पाठवल्या. कचेरीचं उत्तर आलं. तारीख ऐन लावणीतली!

*

निर्मलाताईंचा अभ्यास मोठ्यानं चालायचा. भाकऱ्या थापता थापता प्रश्न विचारायच्या आणि स्वतःच उत्तरं द्यायच्या. नवरा शिफ्टला निघालेला, डबा हातात. ताईंचं सुरूच, "अहो, समजा तुम्ही आज मेलात. तर पहिला कागद कुठला लागेल?"

सासूबाई ओट्यावरून धावत आल्या, "सकाळच्या पारी माझ्या पोराला मारतेस काय गो?"

नवरा गरीब गाय! उंबऱ्यातूनच म्हणाला, "मृत्यूचा दाखला." आणि गेला कामावर. ताई म्हणायच्या, आमच्या तिघांपेक्षा तोच पहिल्या झटक्यात पास झाला असता.

*

सखारामची अडचण वेगळी. गावात प्रश्न विचारा, धडाधड सांगायचा. बाकावर बसला की सगळं साफ! म्हणून त्यानं युक्ती काढली. परीक्षा महाडच्या एका शाळेत होती. हा पठ्ठ्या रविवारी एसटीनं तिथं जायचा आणि खिडकीजवळच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायचा. चार रविवार गेला. शिपायानं आधी हाकललं, मग चहा पाजला.

परीक्षेच्या दिवशी नंबर पाहिला, तर त्याचा बाक पलीकडच्या वर्गात! चेहरा पांढराफटक. मला म्हणाला, "त्या बाकावं मला समदं येत व्हतं रे!"

*

लेखी कशीबशी झाली. दुपारी तोंडी परीक्षा. मोठ्या कचेरीतून एक जाडजूड साहेब आले होते. मी दोन प्रश्नांत बाहेर, ताई तीन प्रश्नांत. सखाराम आत गेला तो येईचना. अर्धा तास झाला. ताईंनी पदराचं टोक चावून चावून ओलं केलं.

बाहेर आला तो घामानं निथळत.

"काय विचारलं रे?"

"साहेब म्हनलं, समज मी गिऱ्हाईक हाय. माझा फॉर्म भर."

"मग?"

"भरला. खिशातला टेप काडला, छाती मोजली, पोट मोजलं. बाप कशानं गेला, कितव्या वर्सी गेला, इचारलं. जिना चडल्यावं दम लागतो काय, इचारलं. साहेब पयलं हसत व्हतं. मंग हसायचं थांबलं."

"पुढं बोल!"

"मी म्हनलं, साहेब, तुमचा फॉर्म माझ्याच्यानं पुढं जायचा नाय. आदी डॉक्टरला दाखवा."

मी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, परीक्षा तुझी होती! साहेबांना कशाला नापास केलंस?"

"खोटं कसं लिवू? खाली सही माझी हाय ना!"

घरी जाऊन सखारामनं मुंबईची पत्र्याची ट्रंक पुसून दाराशी ठेवली. महिनाभर ती तिथंच होती. मला त्या वाटेनं जाववत नसे.

मग पत्रं आली. तिघंही पास! सखारामनं आपलं पत्र आईच्या हातात दिलं. म्हातारीनं ते उलटंसुलटं चाचपलं आणि रडायला लागली. मीही रडलो, लपवायचं काय त्यात?

पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास महाबळेश्वरला जाणारी गाडी स्टँडवर चहासाठी थांबली. एक सडपातळ गृहस्थ उतरून आमच्या दुकानात आले. "सखाराम एजंट कुठे भेटतील?" मी ओळखलं नाही. सखाराम तिथंच बसला होता, तो मात्र धडपडत उभा राहिला.

गृहस्थांनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "घ्या माप!"