वकिलांचे गुलाब आणि ताईचा तिसरा मजला

“आमच्या एकाही मेंबरपाशी मोटार नाही, साहेब. मंग ट्रॅफिक येईन कुठून?”

वैरागडे माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ते एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीत सगळे कारकून, शिक्षक, नर्सेस. नागपुरात रामदासपेठेतल्या एका गल्लीत त्यांनी प्लॉट घेतला होता आणि चार मजल्यांच्या इमारतींची परवानगी मागितली होती. आजूबाजूला बंगले. बंगलेवाल्यांनी लेखी हरकत घेतली होती की गल्लीत आधीच ट्रॅफिक मावत नाही, त्यात एवढी वस्ती नको. ती हरकत खरी की खोटी हे सांगायचं काम माझं. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मी नगररचनेच्या ऑफिसात असिस्टंट इंजिनियर होतो आणि रस्त्यांचा विषय माझ्याकडे होता.

“मोटारी नाहीत. सायकली किती?” मी विचारलं.

“घरटी एक. कुठं दोन. पण सायकल काय जागा घेते, साहेब?”

ही चूक एकट्या वैरागड्यांची नव्हती. आमच्या ऑफिसातही सगळे तीच करत. इमारतीच्या नकाशाबरोबर वाहनांचा तक्ता जोडावा लागायचा. त्या तक्त्यात मोटारींना रकाना होता, सायकलींना नव्हता. त्यामुळे कागदावर या सोसायटीचं ट्रॅफिक शून्य आलं होतं. सकाळी सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी ऑफिसांकडे जाणारा, सायकलींनी भरलेला रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला नागपुरात हे शून्य पटणार नाही.

एक सायकल फार जागा घेत नाही, हे बरोबर. पण सायकली एकेक करून निघत नाहीत. ऑफिसची वेळ एक, म्हणून सगळ्या एकदम निघतात. या गल्लीच्या तोंडाशी एक मोठं हॉस्पिटल होतं. ऑफिसला निघायची वेळ तीच तिथल्या ओपीडीची. ओपीडीला माणसं येतात सायकलरिक्षाने. आमच्या हिशेबात सायकलरिक्षा मोटारीपेक्षा मोठी धरतात, कारण ती हळू चालते आणि मागच्या सगळ्यांना हळू चालवते. शिवाय ही गल्ली मागून बंद. आत जायचं आणि बाहेर यायचं तोंड एकच. लोटा कितीही मोठा घ्या, पाणी तोंडाच्या मापानेच बाहेर पडतं.

मी काही दिवस सकाळी तिथे उभा राहिलो. शंका उरली नाही. बंगलेवाल्यांची हरकत खरी होती.

आता माझी अडचण सांगतो. माझी थोरली बहीण त्याच हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती, आणि त्याच सोसायटीची मेंबर होती.

ताई जुन्या नागपुरात, महाल भागात, दीड खोलीत राहायची. सासू अर्धांगाने अंथरुणावर. नळ खाली चौकात. ड्युटीवर जाण्याआधी बादल्या वर चढवायच्या, सासूचं सगळं करायचं, मग बस पकडायची. भाऊजींची शाळा शहराबाहेर हिंगण्याकडे, ते तर तिच्याही आधी बाहेर पडत. सोसायटीचा फ्लॅट झाला की हॉस्पिटल दोन पावलांवर आणि नळ घरात, एवढंच तिचं स्वप्न होतं. ते ती दर रविवारी मला जेवायला वाढताना सांगायची. त्याच जेवणात ती गल्लीलाही शिव्या घालायची.

“काल परत अँब्युलन्स तोंडाशीच अडकली गा. मी अन् वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन रस्त्यावर. पेशंट विचारते, सिस्टर, दवाखाना आला का? म्हटलं, दवाखाना नाही आला बाई, तूच चालली दवाखान्यात.”

भाऊजी हसले. मीही हसलो. आणि त्या हसण्यातच माझ्या लक्षात आलं की माझ्या रिपोर्टातला सर्वांत भक्कम मुद्दा मला आत्ता बहिणीने वाढला आहे.

दुसऱ्या दिवशी मी मोघे साहेबांकडे गेलो. ते आमचे वरिष्ठ.

“साहेब, यात माझी सख्खी बहीण आहे. हे काम दुसऱ्याला द्या.”

“दुसरा कोण आहे? एक जण पूल बघतो, एक जण रजेवर आहे.” त्यांनी चष्मा काढला. “बाजूने लिहिलंस तर लोक बोलतील. विरुद्ध लिहिलंस तर बहीण बोलेल. तुला कोणाचं ऐकायला आवडेल?”

“दोघांचंही नाही.”

“मग खरं लिही. आणि बहिणीचं नातं फाइलवर पहिल्या ओळीत लिही, म्हणजे नंतर कोणी शोधून काढायला नको.”

तसं मी लिहिलं. त्या रविवारी ताईने विचारलं, “आमचं काय लिहून राहिला तू?”

“अजून चाललंय.”

“चांगलंच लिहिजो,” ती म्हणाली, आणि पानात आणखी एक पोळी टाकली.

रिपोर्ट सोसायटीच्या विरुद्ध जाणार, ही बातमी कशी कोण जाणे फुटली. हरकत घेणाऱ्यांचे पुढारी घारपुरे वकील. त्यांचा बंगला गल्लीच्या शेवटी. साइटवर मला पाहून ते फाटकाशी आले.

“या हो इंजिनियर साहेब, चहा घेऊन जा. तुमच्यासारखी अभ्यासू माणसं राहिली कुठे?”

चहा झाला. मग त्यांनी मोठ्या हौसेने बाग दाखवली. बंगल्यामागे गुलाबांचे वाफे होते. लाल, पिवळे, एक तर जवळजवळ जांभळा. पलीकडे शेजाऱ्यांचं बॅडमिंटनचं कोर्ट.

“ही मागची जागा आधी ओसाड होती,” वकील म्हणाले. “सगळा कचरा. आम्हीच कंपाउंड वाढवून घेतलं आणि नंदनवन केलं.”

मी गुलाबांकडे बघत उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर ऑफिसच्या भिंतीवरचा विकास आराखडा होता. विकास आराखडा म्हणजे शहर पुढे कसं वाढणार याचा मंजूर नकाशा. त्या नकाशात या बंगल्यांच्या मागून, बंद गल्लीला दुसरं तोंड देणारा एक रस्ता आखलेला आहे. तो मला तोंडपाठ होता. गल्लीच्या टोकाला भिंत दिसते म्हणून आम्ही सगळे तिथूनच परत फिरायचो. भिंतीच्या मागे काय आहे हे पाहायला कोणी गेलं नव्हतं. आता मी त्या रस्त्याच्या बरोबर मधोमध उभा होतो, हातात चहाचा कप घेऊन.

सुनावणी मोघे साहेबांपुढे होती. एका बाजूला बंगलेवाले, दुसऱ्या बाजूला वैरागडे आणि सोसायटीची काही माणसं. ताई ड्युटीवर होती.

मी सरळ वाचलं. आजच्या रस्त्यावर चार मजले पेलवणार नाहीत. अँब्युलन्स अडकते, आणखी अडकेल. वैरागडे माझ्याकडे बघतच राहिले. वकील उठून म्हणाले, “आम्ही इंजिनियर साहेबांचे आभारी आहोत. या गल्लीला बाहेर पडायला दुसरी वाट नाही, हेच आमचं म्हणणं.”

“वाट आहे,” मी म्हणालो. “आराखड्यात मागून रस्ता आहे. सध्या त्यावर आपले गुलाब आहेत.”

“तो रस्ता फक्त कागदावर आहे.”

“म्हणून तर जमिनीवर आणायचा आहे.”

मागून वैरागड्यांचा आवाज आला, “वकीलसाहेब, गुलाब आमाले द्या. आमी कुंड्यात लावतो.” मोघे साहेबांनी टेबलावर हात आपटला, पण हसू त्यांनाही आवरलं नाही.

माझी शिफारस मान्य झाली. सोसायटीला आत्ता दोन मजले. मागचा रस्ता सुरू झाल्यावर वरचे दोन. माझ्या नोकरीतला तो सर्वांत नेटका रिपोर्ट होता. आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही.

पण सोसायटीत फ्लॅट मिळत ते मेंबर झाल्याच्या क्रमाने, खालून वर. ताई उशिरा मेंबर झाली होती. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता.

मी स्वतःच जाऊन सांगितलं. ती सासूला कूस बदलून देत होती. काम पुरं करून मग बाहेर आली.

“ते अँब्युलन्सचं, माझंच बोलणं लिहिलं ना तू?”

“हो.”

“मंग खोटं कसं म्हणू?” ती म्हणाली. “जेवून जा.”

मी जेवलो. त्यानंतरही रविवारी जात राहिलो. पण त्या गल्लीबद्दल ताई माझ्यासमोर पुन्हा बोलली नाही.

वकील कोर्टात गेले. रस्त्याच्या कामाला स्टे आला. आपण स्वच्छ काम केलं म्हणून कोर्टाची तारीख लवकर पडत नाही. रस्ता मोकळा व्हायला वर्षं गेली. त्या दरम्यान ताईची सासू महालातल्या त्याच खोलीत वारली. शेवटपर्यंत पाणी खालूनच चढत होतं. माझ्या डोक्यात त्या बादल्या आहेत, आणि त्या राहणार.

मग रस्ता झाला. वरचे मजले चढले. ताईला फ्लॅट मिळाला तेव्हा तिचे गुडघे धरले होते आणि रिटायरमेंट जवळ आली होती. वास्तुशांतीच्या दिवशी ती प्रत्येक जिन्यावर थांबत वर आली. मी मागे होतो. दुपारी आम्ही गॅलरीत उभे असताना खालच्या नव्या रस्त्याने एक अँब्युलन्स न थांबता सरळ हॉस्पिटलात शिरली.

ताई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. इतक्या वर्षांनी गल्लीचा विषय तिने स्वतः काढला.

“गेली रे बिनाअडकता,” ती म्हणाली. मग गुडघा चोळत, “अन् तुझ्या रिपोर्टात जिना किती मजल्यांचा आहे ते नव्हतं काय गा?”

आता माझ्या हाताखाली नवे इंजिनियर येतात. ट्रॅफिकच्या कारणावरून वस्तीला नकार लिहायचा असेल तर मी त्यांना आधी गल्लीच्या मागे जाऊन यायला सांगतो. आणि मग, ज्यांना थांबावं लागणार त्यांच्यापैकी एकाच्या घरी. मत बदलण्यासाठी नव्हे. मत बरोबर असेल तर तेच लिहायचं. पण त्या घरी नळ कुठे आहे ते पाहून आलेला माणूस रस्त्याच्या फाइलमागे जरा जास्त वेळा धावतो.