दवाखान्यातले रणगाडे आणि सावंतांचा ट्रक

किस्से दातांवरच्या किटणासारखे असतात. रोज घासलं तरी कुठेतरी साठतातच. मी दादरला दातांचा दवाखाना चालवते, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकते. पण माझ्याकडचे बरेचसे किस्से पेशंटचे नाहीत, रणगाड्यांचे आहेत!

झालं असं की, माझे बाबा लाकडाची छोटी विमानं करायचे. मी प्लास्टिकची करते. मग माझ्यासारखेच आणखी तिघे भेटले आणि दर रविवारी आम्ही माझ्या दवाखान्यात जमू लागलो. कारण थिनरचा वास आमच्यापैकी कोणाच्याच घरी चालत नाही. दवाखान्यात तसाही वास असतो.

आम्ही चौघे म्हणजे कोण, तर मी. शिवाजी पार्कचे कुलकर्णी सर, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. काळाचौकीचा पेडणेकर, त्यांच्या मंडळाच्या गणपतीची सजावट दरवर्षी तोच करतो. आणि नायगावच्या बीडीडी चाळीतले सावंत, बसडेपोत आयुष्यभर इंजिनं दुरुस्त केलेले. महायुद्धांपासून एकाहत्तरच्या लढाईपर्यंत जे काही चाललं, उडालं किंवा तरंगलं, ते आम्ही लहान करून टेबलावर आणतो.

आमचा नियम एकच. मॉडेल टेबलावर ठेवलं की प्रत्येकाने त्यातली एक चूक काढायची. चूक निघाली नाही तर मॉडेल पूर्ण झालं असं धरायचं नाही. हा नियम कुलकर्णी सरांचा. शाळा सुटली पण तपासायची सवय सुटली नाही, असं पेडणेकर त्यांच्या तोंडावर म्हणतो.

* * *

रणगाड्याच्या तोफेला पुढून बारीक भोक पाडावं लागतं. हाताने पाडायला गेलं की हमखास वाकडं होतं. दातांचं ड्रिल त्यासाठी अगदी नामी! एका संध्याकाळी पेशंट नव्हते, म्हणून मी सरांचा शर्मन रणगाडा खुर्चीत ठेवला, वरचा दिवा लावला, मास्क घातला आणि कामाला लागले.

तेवढ्यात एक गृहस्थ गाल धरून आले. बाहेर आमची रिसेप्शनिस्ट शैला होती. खोटं बोलणं तिच्या रक्तात नाही. तिने त्यांना बसायला सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम तोफेला भोक पाडतायत. पाच मिनिटं."

गृहस्थांनी ड्रिलचा आवाज ऐकला आणि उठून निघून गेले. पंधरवड्याने त्यांचा फोन आला. आधी त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, तोफ झाली का? मगच अपॉइंटमेंट घेतली.

* * *

पेडणेकरने एकदा रशियाच्या चिखलात रुतलेला रणगाडा केला होता. चिखल म्हणजे काय चिखल! प्लास्टर, रंग, चहाची पावडर, नारळाच्या काथ्याचा भुगा. थरावर थर, ओला वेगळा, सुकलेला वेगळा. जवळजवळ वर्षभर तो त्या चिखलाच्याच मागे होता.

गणपती चार दिवसांवर आले तशी त्याच्या आईने घर आवरायला काढलं. शोकेस उघडली आणि माऊलीने कपाळाला हात लावला. पेडणेकर संध्याकाळी घरी आला तर रणगाडा ताटाळ्यात, पेल्यांच्या शेजारी, निथळत उभा!

"केवढी घाण होती ती," आई म्हणाली. "गणपती येतलो घरात. घासून चकचकीत केलंय."

आईला काही बोलायची सोय नव्हती. तिने चाकांवरच्या पट्ट्याची एकेक कडी ब्रशने घासली होती. पेडणेकरने रविवारी रणगाडा तसाच टेबलावर ठेवला आणि खाली पाटी लावली, 'कारखान्यातून आजच बाहेर पडलेला'. सरांनी तो भिंगाखाली बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "चूक एकच. कारखान्यात इतकं स्वच्छ कोणी ठेवत नाही."

* * *

याच पेडणेकरने एका वर्षी मंडळाच्या सजावटीत युद्धनौका केली. बाप्पा मधोमध आणि मागे अख्खी नौका, तोफा-बिफांसकट. आम्ही दर्शनाला गेलो. रांग ही लांब. सरांनी हात जोडले, डोळे मिटले आणि उघडल्यावर नजर गेली ती थेट बाप्पाच्या मुकुटावरून मागच्या डेकवर.

"विमानविरोधी तोफ एक मजला वर आहे," ते मोठ्याने म्हणाले.

कार्यकर्त्याने नम्रपणे सांगितलं, "काका, दर्शन झालं ना? पुढे चला."

सर पुढे गेले, बाहेर पडले आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. कारण मघाशी तोफ बघता बघता बाप्पाकडे बघायचंच राहिलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी नजर मुकुटाच्या वर जाऊ दिली नाही. पण बाहेर आल्यावर चपला घालता घालता मला म्हणाले की नांगराची साखळीही जरा जाडच आहे.

पेडणेकर पठ्ठ्या असा की, विसर्जनाच्या आत तोफ खाली आणलेली होती.

* * *

आता सावंत. आम्ही सगळे रणगाडे नाहीतर लढाऊ विमानं करायचो, आणि सावंत एकच गोष्ट करत होते. शक्तिमान ट्रक. सैन्याचा माल वाहणारा साधा ट्रक. पेडणेकर त्यांना चिडवायचा की सगळे वाघ-सिंह करतात आणि तुम्ही बैल काय करताय. सावंत हसायचे आणि कानशीने चाक घासत राहायचे.

त्यांचा मोठा भाऊ तो ट्रक चालवायचा. एकाहत्तरच्या लढाईत दारूगोळा पोचवायला गेला तो परत आला नाही. सावंत तेव्हा शाळेत होते. दादाचं लग्न त्याच वर्षी झालेलं, संसार जेमतेम एका उन्हाळ्याचा. तेव्हा तो देवळालीच्या छावणीत होता आणि वहिनी तिकडे राहायला गेल्या होत्या. वहिनी नंतर माहेरी गेल्या नाहीत. इस्पितळात आयाची नोकरी धरली, सासूला शेवटपर्यंत सांभाळलं आणि धाकट्या दिराला शिकवलं. सावंत त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

दादाचा ट्रकसोबतचा एकच फोटो होता. चाळीतल्या खोलीत भिंतीवर लावलेला. दादा ड्रायव्हरच्या दाराशी उभा आहे, म्हणजे ट्रकची फक्त उजवी बाजू दिसते. त्या बाजूचा पोचा, मडगार्डवरचा पत्र्याचा तुकडा, सगळं सावंतांनी हुबेहूब केलं होतं. डावी बाजू कशी होती, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही म्हटलं, दुसऱ्या कुठल्याही शक्तिमानचा फोटो बघून करा. सावंतांना ते पटेना. त्यांना कुठलाही शक्तिमान नको होता, दादाचा हवा होता.

आम्ही मदत म्हणून काय केलं, तर रंगावरून भांडलो! सर सकाळच्या फेरीला हिरव्या रंगांचा तक्ता घेऊन जायचे आणि शिवाजी पार्कातल्या झाडांच्या पानांशी लावून बघायचे. फोटोतला हिरवा यातला नेमका कोणता, यावर एक अख्खा पावसाळा गेला. फोटो काळा-पांढरा आहे, हे शेवटी शैलाने सांगितलं.

* * *

मग चाळ रिकामी करायची नोटीस आली. तिथे टॉवर उठणार. सावंत पहिल्यांदाच घाई करताना दिसले. म्हणाले, दादा ज्या खोलीतून गेला, त्या खोलीत ट्रक एकदा तरी उभा राहू दे, मग खोली गेली तरी चालेल. तो तिथे उभा राहिला, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या रविवारचं.

डाव्या बाजूचं कोडं सुटलं नव्हतंच. पेडणेकरने तोडगा काढला की ती बाजू भिंतीकडे ठेवायची. सावंतांनी नाइलाजाने मान डोलावली आणि डावी बाजू साधी, सरळ, बिनपोच्याची करून टाकली. दारांच्या काचा तेवढ्या राहिल्या होत्या. त्या त्यांनी त्याच सकाळी माझ्याकडे बसून, माझ्या चिमट्याने बसवल्या.

नेमकी त्या दिवशी वहिनींची दाढ ठणकत होती, म्हणून सावंत त्यांनाही घेऊन आले होते. बारीक चणीच्या, नऊवारीतल्या वहिनी बाकावर बसल्या होत्या. तुम्ही म्हणाल, डाव्या बाजूचं वहिनींनाच का नाही विचारलं? तर दादाचा विषय वहिनींसमोर काढायचा नाही, असं सावंतांच्या आईने घरात घालून दिलं होतं. आई गेली तरी नियम राहिला. सावंत घरी ट्रक करत बसायचे, वहिनी शेजारी चहा ठेवायच्या. दोघंही त्यावर एक अक्षर बोलायचे नाहीत. असा सगळा त्यांचा खाक्या.

ट्रक टेबलावर आला. आता चुका काढायच्या. सरांनी भिंग उचललं आणि परत ठेवलं. म्हणाले, उत्तम झालाय. पेडणेकर म्हणाला, एक नंबर. मीही चूक काढली नाही. आमच्या टेबलावर असं कधी झालं नव्हतं.

वहिनी उठल्या. टेबलाजवळ आल्या, चष्मा सारखा केला आणि ट्रकला फेरी घालून पलीकडे, डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक काढल्याशिवाय पुरो होणा नाय, असा तूच सांगतंस ना?" त्यांनी दिराला विचारलं.

सावंतांनी मान डोलावली.

वहिनींनी डाव्या दारावर हलकेच बोट ठेवलं. "ही काच तू पुरी वर केलंस. ती अर्धीच वर जायची. मगे सगळो वारो तोंडार यायचो."

सावंतांनी वाकून ती काच पाहिली. मग लहान मुलाच्या आवाजात म्हणाले, "वैनी, तू कधी बसलंस त्या ट्रकात?"

वहिनींनी पदर नीट केला आणि माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टरीणबाई, दाढ आजच काढतल्यात ना?"