जास्तीचे चार आकार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सरांना तर नाहीच. फार मोठं काही नाही, असं स्वतःला समजावत आले — चार आकारांचा तर प्रश्न होता. मग अजूनही कुणी खोडरबर मागितलं की मला तिथून उठून जावंसं का वाटतं?

आधी काम सांगते. आणीबाणी उठली त्या वर्षी, इथं सोलापुरात, आमचे सर प्रोटॉनच्या आतलं गणित करत होते. प्रोटॉनमध्ये क्वार्क असतात, ग्लुऑन त्यांना बांधून ठेवतात. पण हे गणित सरळ सुटत नाही. म्हणून अवकाश आणि काळ यांची एक जाळी धरायची. गाठींवर क्वार्क, गाठी जोडणाऱ्या रेघांवर ग्लुऑन. मग त्या जाळीवर ठरावीक संख्येचे चौकोन जोडून किती वेगवेगळे आकार बनतात, ते हातानं मोजायचं. एक जरी सुटला तरी पुढचं सगळं चुकतं. म्हणून मोजायला त्यांच्या आम्ही दोघी विद्यार्थिनी, मी आणि शांता. वेगवेगळं मोजायचं, एकमेकींची वही बघायची नाही, आणि शनिवारी सरांसमोर आकडे जुळवायचे.

शांता वळसंगची. घरात कानडी, शाळा मराठी. इंग्रजीत बोलायची वेळ आली की गप्प. गप्प तर मीही असायचे — पण माझ्या गप्प बसण्याला लोक हुशारी समजायचे. मी ग्राफपेपरवर आकार काढायचे. ती भिजवलेल्या हरभऱ्यांत खराट्याच्या हिराच्या काड्या खोचून जाळी उभी करायची, काळाच्या दिशेला लाल सूत बांधायची.

"मोड आले की गं तुझ्या प्रोटॉनला," मी एकदा म्हटलं.

"येऊ दे की. उसळ करू."

तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं — सरांनी पुढं संशोधनाला घेतलं तर शिक, नाही तर दिवाळीनंतर लग्न. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

एका शनिवारी तिचे आकार माझ्यापेक्षा चार जास्त आले. सर म्हणाले, दोघी परत मोजा. घरी मी कागदावर परत काढले, तेवढेच आले. मग — का कोण जाणे — हरभरे भिजत घातले. रविवारी दुपारी ते चार आकार माझ्यासमोर उभे होते. कागदावर ते दुसऱ्या आकारांवर पडत होते, म्हणून मला दिसलेच नव्हते.

सोमवारी सरांनी आधी मला विचारलं. "माझं चुकलं" — दोनच शब्द होते ना?

"तेवढेच आले, सर," मी म्हणाले.

शांता हसली. "मग माझंच चुकलं असंल की. तू इंग्लिश शाळेतली, तुझं कशाला चुकतंय!" आणि तिनं माझ्याकडे खोडरबर मागितलं. मी दिलं. ती खोडत होती आणि मी बघत होते.

मोजणीत तिचा हात कच्चा आहे, असं सर म्हणाले. संशोधनाला मला घेतलं. दिवाळीनंतर शांताचं लग्न झालं, मैंदर्गीला दिलं. लग्नात तिनं मला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.

गेल्या महिन्यात परदेशातला एक लेख आला. त्यात तोच आकडा — आमच्यापेक्षा चारनं जास्त. सरांनी लेख माझ्यापुढं सरकवला.

"शांताचं बरोबर होतं. तू परत मोजलं होतंस ना?"

"हो, सर."

"आणि तेवढेच आले?"

"तेवढेच."

याहून सोपी वेळ कधी येणार होती? सरांनी खणातून पोस्टकार्ड काढलं. "तिला कळवतो. बरं वाटेल पोरीला."

"आता कशाला, सर," मी म्हणाले. "संसारात आहे ती. उगीच वाईट वाटेल."

सरांनी थोडा विचार केला आणि कार्ड परत खणात ठेवलं.