महिपतने जपलेली बाटली

पावस गावच्या कातळावर महिपत बागांभोवती गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, रचायचा. माती नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पण त्याचा गडगा ढासळलेला कोणी पाहिला नाही. असा माणूस गेली दोन वर्षं एकही काम वेळेत पुरं करत नव्हता. दगड उचलायचा, खाली डोकावायचा, परत ठेवायचा. बागायतदार वैतागले. पोरगी गेली आणि ह्याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणायला लागले. लोकांना काय, बोलायला विषय हवा!

पोरगी म्हणजे नम्रता, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी. एकदा बापाने हलवलेल्या दगडाखालून तिने वीतभर लांबीचं तपकिरी जनावर धरलं. पाय नव्हतेच.

"साप नाय बाबा, सापसुरळी ही. बघा, पापणी मिटते. साप मिटतो काय कधी?"

सापसुरळी मेल्यावर नम्रताने तिला कॉलेजात फॉर्मालिनच्या बाटलीत ठेवलं. त्याच पावसाळ्यात तापाने चार दिवसांत नम्रता गेली.

पुढे तिच्या कॉलेजच्या दीपाली मॅडम महिपतला बागेत येऊन भेटल्या. नम्रताच्या बाटलीतल्या सापसुरळीचे त्यांनी खवले मोजले होते, कानाची भोकं तपासली होती. गुहागरकडच्या बिनपायाच्या सापसुरळीहून ही वेगळी दिसत होती. पण नुसत्या दिसण्यावर प्रजाती ठरत नाही, जनुकं ताडून बघावी लागतात, आणि ती फॉर्मालिनने नासली होती. त्यांनी स्पिरिटची चिमुकली बाटली त्याच्या हातात ठेवली. "ताजी एक मिळू दे. शेपटीचा तुकडा यात पडला तरी पुरे. वेगळी निघाली, तर तिला नम्रताचं नाव देऊ."

बायकोला, चिमाला, महिपतने यातलं अक्षरही सांगितलं नाही. लेकीचं नाव काढलं की ती दोन दोन दिवस जेवत नसे. एकदम छापलेलं नावच तिच्यापुढे ठेवायचं, असा त्याचा बेत. फार मोठी चूक केली बिचाऱ्याने.

जिथे नम्रताला ती सापडली होती, ती कातळाची उतरण यंदा जांभा दगड काढणाऱ्या चिरेखाणीला विकली गेली. दुसरीकडे कुठे ती सापसुरळी दिसलीच नव्हती. मशीन लागायच्या आदल्या दिवशी महिपत उतरणीवर पोचला, तर चिमा भाकरी घेऊन आधीच आलेली. तिच्यासमोर थोडी राख धुमसत होती.

"आवो, दगडाखालून जनावर निघालं. मी काठी हाणली. मरताना डोळे मिटलेन हो त्याने! मग रीतीनं अग्नी दिला, तांब्याचा पैसा टाकला. आपली एक गेली, आता साप मारल्याचा दोष घरावर नको."

महिपत राखेपाशी बसला. काटकीने राख उकरली. काटकीला पैसा लागला, दुसरं काही नाही. ओरडावं, सगळं सांगून टाकावं, असं तोंडाशी आलं.

"माझं काय चुकलं काय?" चिमा घाबरून म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"नाय गो. साप व्हता. बरं केलंस."

चिमाने राखेला हात जोडले. महिपतनेही जोडले, आणि जोडलेले हात त्याला लवकर सोडवेनात.