ताकदीची गोळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायला हवं होतं ते तिलाच.

सुमन मला पाहताक्षणी आवडली होती. आई म्हणाली, पोरगी नाजूक आहे, आपल्या शेतीच्या घरात टिकायची नाही. मी हट्ट धरला. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सुमन थकू लागली. चेहरा सुजला, केस गळाले, कापूस वेचता वेचता बांधावर जाऊन बसायची. आई तिला कामचोर म्हणाली. सुमनने ऐकून घेतलं, मीही.

शहाद्याला रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टरांनी नीट समजावलं — गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते. शरीराचे राखणदारच तिच्यावर उलटलेत. यात कुणाची चूक नाही. रोज सकाळी चहाच्या आधी, उपाशीपोटी एक गोळी. बहुधा जन्मभर.

जन्मभर — हे आईला कसं सांगायचं? ती म्हणणार, ‘सांगितलं होतं ना तुला.’ एवढ्या एका वाक्याला मी घाबरलो. आणि सुमनला सांगितलं तर तिच्या पोटात काही राहत नाही. मग मी बाटलीवरचा कागद खरवडून काढला. घरी म्हणालो, ताकदीच्या गोळ्या आहेत.

ताकदीची गोळी माणूस किती दिवस खाणार? लगेच गुण येईना, तशी तिने ती सोडून दिली. मला कळलंही नाही. दिवाळीच्या तोंडावर ती ओट्यापाशी कोसळली.

डॉक्टरांनी तिलाच विचारलं, थायरॉईडची गोळी का बंद केली? सुमन माझ्याकडे बघू लागली. तिने तो शब्दच कधी ऐकला नव्हता. तेव्हा तरी — तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं मला? उघडलं. म्हणालो, “हिला सगळं समजावलं होतं. हल्ली हिच्या काही लक्षातच राहत नाही.”

डॉक्टर म्हणाले, या आजारात विसर पडतो.

सुमनने मान खाली घातली. “मन्हाच ध्यानमा ऱ्हायनं नही,” म्हणाली.

आईला आता सगळा आजार ठाऊक आहे. ती एका शब्दाने बोलली नाही. सकाळी गोळीसोबत पाण्याचा तांब्या तीच पुढे करते. सुमनची सूज उतरली. पण श्रावणात कानबाई देवीच्या सणाला गल्लीत गाणी नेहमी तीच सुरू करायची, ती यंदा मागे जाऊन बसली. मधेच विसरेन म्हणाली. कुणी तब्येतीचं विचारलं की सांगते, यांनी सगळं सांगितलं होतं, मीच विसरले.

मी शेजारीच असतो. मान हलवतो.